रिकामं दावं

मित्रांनो, मला पाने नाहीत. पुठ्ठा नाही, शिवण नाही, नव्या कागदाचा वास नाही. मला कुणी उशाशी घेऊन झोपत नाही आणि माझ्या पोटात मोरपीसही ठेवत नाही. तरी मी एक पुस्तक आहे, आणि आता तर जुने पुस्तक आहे. तुम्ही म्हणाल, फोनमधले पुस्तक जुने कसे होईल? होते. कागदी पुस्तकावर धूळ बसते. मी यादीत खाली खाली जातो. वरून रोज नवी पुस्तके येऊन पडतात आणि मी विहिरीत टाकलेल्या खड्यासारखा तळाला जाऊन बसतो. माझे म्हातारपण असे असते.

माझे नाव 'दारची काळी शेळी'. आपल्या धाराशिव जिल्ह्याची शेळी काळीभोर, लांब कानांची. एखादीच्या कानावर पांढरा ठिपका असतो, जणू चांदणे शिंपडावे तसा. ती शेळी कशी निवडावी, कशी राखावी, आजारली तर काय करावे, ते माझ्या पोटात आहे. हे सारे लिहिले उत्तरेश्वरतात्यांनी. तात्या कळंबच्या शेळीबाजारातले दलाल. गुरुजी नव्हेत की डॉक्टर नव्हेत. पण उभी हयात शेळ्यांच्या पायधुळीत गेली, आणि शेळ्यांमागे हिंडणाऱ्या बायांच्या ओव्या कानात राहिल्या. त्यांच्याच चालीवर तात्यांनी प्रत्येक धड्याच्या माथ्यावर ओव्या रचून घातल्या. ते म्हणायचे, "कागद शेळी खाती. ओवी खाता येत न्हाय."

मला जन्म दिला राजेश्वरीने. कळंबच्या मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मागच्या गल्लीत तिचा छापखाना आहे. वडिलांनंतर तो तीच चालवते. लग्नपत्रिका छापायच्या, शाळांची हजेरीपत्रके छापायची आणि त्यातून हाताला उसंत मिळाली की वर्षाला एखाद-दुसरे पुस्तक काढायचे. माझ्या आधी माझा थोरला भाऊ जन्मला, कागदी. तो बाजारात घुंगरे, घंटा आणि दाव्यांच्या दुकानात लटकून विकला गेला. बरा खपला. मग कुणीतरी त्याचे पान न् पान फोनवर टिपले आणि शेळीवाल्यांच्या ग्रुपवर सोडून दिले. पान धरणाऱ्याचा अंगठा प्रत्येक फोटोत होता. लसीकरणाच्या धड्यातला निम्मा तक्ता त्या अंगठ्याखाली गेला आणि लोक राजेश्वरीलाच फोन करून विचारू लागले, "अंगठ्याखाली काय लिहिलंय वो?"

ती तेव्हा हसली नाही. थोरल्या भावाचे दोन गठ्ठे कपाटावर पडून होते, ते तिला तिथूनच दिसत होते.

पुढे टाळेबंदीचे वर्ष आले. बाजार बंद, एसटी बंद, पार्सल बंद. आणि नेमक्या त्याच वर्षी गावोगावची माणसे घरी परतली, चार शेळ्या घेऊन बसली आणि पुस्तक मागू लागली. भाऊ कपाटावर, गिऱ्हाईक गावात, मधला रस्ता बंद. तेव्हा राजेश्वरीने मला करायला घेतले.

माझे बाळंतपण अवघड गेले. छापखान्यातली जुनी अक्षरे फोनला वाचता येत नव्हती. भावाचा मजकूर जसाच्या तसा माझ्यात ओतला तर शेळीच्या जागी नुसत्या काड्या आणि ठिपके उमटले. तिने मला ओळीओळीने पुन्हा जुळवले. डोळे चुरचुरले की मटक्यातल्या पाण्याचा हबका मारायची आणि परत बसायची.

मी तयार झालो त्या दिवशी तात्या तोंडाला रुमाल बांधून आले आणि स्टुलावर बसले.

"तात्या, किंमत सांगा. किती लावू?"

तात्यांनी आधी दार बघितले, मग खिडकी बघितली. खांद्यावरचे उपरणे काढून उजव्या हातावर टाकले आणि तो हात पुढे केला. मग समोर कोण बसले आहे ते ध्यानात येऊन ओशाळले आणि हात मागे घेतला.

शेळीबाजाराची रीतच तशी आहे, मित्रांनो. तिथे भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघांचे हात एका उपरण्याखाली जातात आणि बोटे बोटांशी बोलतात. बाजूला उभ्या माणसाला नुसते कापड हललेले दिसते. प्रत्येक गिऱ्हाइकाचा भाव वेगळा, आणि तो दोघांतच राहतो.

"इथं उपरणं चालत नाही," राजेश्वरी म्हणाली. "हा भाव साऱ्या मुलखाला दिसणार."

"साऱ्या मुलखाला?"

"हो. पुण्यातल्याला तोच, उमरग्यातल्याला तोच."

"मग घासाघीस कुठं करायची?"

"करायचीच नाही."

"आन् घासाघीस न करता माणूस वस्तू घेतो? त्याला झोप कशी लागती?"

"लागते, तात्या. नव्व्याण्णव लावते मी."

"एक रुपया कुणासाठी मागं ठिवला?"

"तशी रीत आहे. आकडा शंभराच्या आत दिसला की बोट लवकर दाबतं."

"आपल्यात आहेर करताना कुणी नव्व्याण्णव घालतं व्हय? वर एक ठेव. एकशे एक."

अशी माझी किंमत एकशे एक ठरली. भाऊ दोनशे चाळीसला होता. मला कागद लागत नाही, शाई लागत नाही, एसटीचा हमाल लागत नाही, म्हणून मी स्वस्त. पण फुकट नव्हे. लिहिणाऱ्याची हयात आणि जुळवणारीचे डोळे माझ्यातही तेवढेच खर्ची पडतात.

फोनवर पुस्तके विकणारे एक मोठे दुकान असते. त्याला भिंती नसतात, पण वाटा असतो. तो किती, हे राजेश्वरीने सांगितले तेव्हा तात्या स्टुलावरून उठलेच.

"ही तर दलाली!"

"दलालीच."

"आगं, शेळीमागं एवढी दलाली मागितली असती तर लोकांनी मला बाजारातून हाकललं असतं, आन् वर शेळी मागं सोडली असती."

शेवटी कुलपाचा प्रश्न आला. "विकलेल्या पुस्तकाला कुलूप लावायचे का?" असे दुकान विचारते. राजेश्वरीच्या डोळ्यांपुढे तो अंगठा आला. तिने तात्यांना समजावले, "कुलूप लावलं की ज्यानं घेतलं त्याच्याच खात्यावर पुस्तक उघडतं. दुसऱ्याला देता येत नाही. विकलं तरी दोरी दुकानाच्या हातात राहते."

तात्यांचा चेहरा उजळला. "मग हे तर आपल्याच रितीचं झालं की! जनावर विकलं तरी दावं देत न्हाईत. लाव, लाव कुलूप."

ही रीत तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगतो. आपल्याकडे शेळी किंवा बैल विकला की विकणारा त्याच्या गळ्यातले दावे सोडून घेतो, खांद्यावर टाकतो आणि घरी नेऊन खुंटीला लावतो. घेणारा आपले दावे आपण आणतो. जनावर गेले तरी दावणीची लक्ष्मी घरात राहावी, असा त्यात भाव.

तर मला कुलूप लागले आणि मी जगात गेलो.

आमच्यासारख्या पुस्तकांचे एक सुख असते. आम्ही एका वेळी अनेक घरांत राहतो. त्या वर्षी मी वाशीच्या माळावर होतो, परांड्याच्या वस्तीवर होतो, अहो, दुबईला गाडी चालवणाऱ्या एका शेळीवाल्याच्या भावाच्या फोनातही होतो. लोक मला तारे देऊ लागले. कुणी पाच दिले, कुणी चार. एकाने लिहिले, 'शेळी वाचली, लिहिणाऱ्याला दुवा.' राजेश्वरीने ते तात्यांना मोठ्याने वाचून दाखवले. तात्या उपरण्याने उगीच स्टूल पुसत राहिले.

पण मला सगळ्यांत आवडले ते नागम्माचे घर.

नागम्मा उमरग्याच्या पुढची, अगदी कर्नाटकाच्या हद्दीवरची. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर तिचे चहाचे हॉटेल होते. घरात कानडी, गल्ल्यावर मराठी. मराठी वाचायला ती ट्रकांच्या पाठी आणि भज्यांखालचे पेपर वाचून शिकली. टाळेबंदीत ट्रक थांबेनात, चूल बंद पडली, तेव्हा तिने दोन शेळ्या घेतल्या. शेळीतले तिला काहीच कळत नव्हते. म्हणून ती उमरग्याला शंभुलिंगाच्या मोबाईल दुकानात गेली आणि गल्ल्यावर रोख पैसे ठेवले.

"ते शेळीचं पुस्तक घालून दे माझ्या फोनात. मला बाकीचं काय कळंना."

शंभुलिंग मनाने चांगला. तो सगळ्यांचीच खाती काढून द्यायचा, आणि सगळ्यांच्या खात्यांना आपलाच एक नंबर जोडायचा. "कोड माझ्यावर येऊ द्या, मावशी. तुम्हाला कशाला तरास?" असे म्हणायचा. त्याने पैसे आपल्या फोनवरून भरले, खाते काढले आणि मी नागम्माच्या फोनात उतरलो.

ती मला दुपारी वाचायची. शेळ्या बाभळीखाली रवंथ करत बसल्या की त्यांच्यासमोर बसून मोठ्याने वाचायची, जणू पुस्तक त्यांनीच मागवले आहे. माझ्या ओव्यांना तिची कानडी लय लागली की मलाच मी नवा वाटायचो. दोनाच्या पाच झाल्या, पाचाच्या वाढत गेल्या. त्यात एक चंद्री, कानावर पांढरा ठिपका असलेली. आणि चंद्रीची पाठ बिजली. पाठ म्हणजे अजून न व्यालेली तरणी शेळी. बिजली एवढी खोडकर की वाचता वाचता फोन चाटायची.

पुढे बाजार उघडले, माणसे परत शहरात गेली आणि माझे दिवस ओसरले. आठवड्यात एक प्रत, मग महिन्यात एक. मी यादीत खाली उतरलो. त्याचे मला फार वाटले नाही. वाचणारी एक जण असली तरी पुस्तक जागे असते.

मग एके दिवशी नागम्मा शेळ्यांना पाणी दाखवायला वाकली आणि फोन हौदात पडला. माझी ती प्रत बुडाली.

तिने दुसरा फोन घेतला. फोनवरच्या दुकानात माझे नाव शोधले, आणि मी समोर आलो. तेच मुखपृष्ठ, तीच काळी शेळी. पण उघडायला गेली तर खात्याने कोड मागितला आणि कोड शंभुलिंगाच्या नंबरवर गेला. नागम्मा उमरग्याला गेली.

"ते सिम बंद केलं की, मावशी," शंभुलिंग डोके खाजवत म्हणाला. "आता कोड कुठं जातोय, देवाला ठाऊक."

"मग माझं पुस्तक?"

"परत घ्या की. एकशे एक तर हाय."

"शेळी विकत घेतली, दावं हरवलं. म्हणून शेळीच परत विकत घेतंय का कोण?"

नागम्माने दुसऱ्यांदा पैसे दिले नाहीत. ते हट्टाने म्हणा, हिशेबाने म्हणा, पण मला ते बरोबर वाटले.

फोनवरचे दुकान प्रत्येक पुस्तकाची पहिली चार पाने फुकट चाळू देते, नमुना म्हणून. नागम्मा तेवढीच पाने वाचत राहिली. त्यात नाव, छापखान्याचा पत्ता आणि फोन नंबर, धड्यांची यादी आणि शेळी निवडायचा पहिला धडा एवढेच होते. यादीत सगळे आजार दिसत. बोट लावले की पुढे दार बंद, 'खरेदी करा.' मी आतच होतो, मित्रांनो. तिच्या बोटाच्या पलीकडे, काचेच्या एका पदराआड. पण मला बाहेर यायला वाट नव्हती.

तिला बऱ्याच ओव्या पाठ झाल्या होत्या. साऱ्या नव्हत्या.

थंडीचे दिवस होते. दुपारी शेजारच्या मळ्याचे काटेरी कुंपण सुटले आणि चंद्री व बिजली ओल्या लसूणघासात शिरल्या. नागम्माने हाकून आणेपर्यंत दोघी पोटभर चरल्या होत्या. थोड्या वेळाने बिजली पाय झाडू लागली. चंद्री मान खाली घालून उभी राहिली, तिची डावी कूस वर येत चालली. नागम्माच्या ओठांवर माझी ओवी आपोआप आली:

*डावी कूस बघा, ढोलकीचा सूर चढला,*
*ओला हिरवा चारा माझ्या शेळीला नडला.*

आजार कळला. पण उपाय पुढच्या ओवीत होता आणि पुढची ओवी तिला येत नव्हती. गुरांचे डॉक्टर लांबच्या गावी लसीकरणाला गेले होते, "निघालोच" म्हणाले, तरी यायला वेळ लागणार होता. तिने फोन उघडला. यादीत 'पोटफुगी' दिसत होते. तिने बोट लावले. खरेदी करा. पुन्हा लावले. खरेदी करा. त्या घडीला तिने खरेदीही केली असती, पण तिच्या फोनवरून पैसे भरायचे कसे, तेही शंभुलिंगालाच येत होते.

मग तिने नमुन्याच्या पानावरचा छापखान्याचा नंबर लावला.

इकडे कळंबला लग्नपत्रिकांचे यंत्र धडधडत होते.

"कोण? मोठ्यानं बोला!"

"अक्का, मी नागम्मा बोलतंय, उमरग्याकडनं. तुमचं शेळीचं पुस्तक माझं हाय, पण उघडंना. दोन शेळ्या फुगल्यात. 'ढोलकीचा सूर चढला'च्या फुडं काय हाय, सांगा लवकर."

राजेश्वरीने यंत्र बंद केले. ओवी तिने स्वतः जुळवली होती, पण तिलाही ती तोंडपाठ नव्हती, आणि मला संगणकात शोधेपर्यंत तिकडे नागम्मा ओरडली, "अय्यो, बिजली पडली!" मग राजेश्वरीने शोधणे सोडले आणि तात्यांना त्याच फोनवर जोडून घेतले. तात्या भर बाजारात होते. शेळ्यांचे बेंबें, माणसांचा गलका.

"तात्या, पोटफुगीची दुसरी ओवी म्हणा! आत्ता!"

तात्यांनी काय झाले ते विचारले नाही. हात उपरण्याखाली होता तो तसाच काढून घेतला, आणि बाजारात ओरडायच्या आवाजात ओवी म्हटली:

*पुढचे पाय उंच धरा, मान ठेवा सरळ,*
*घोट घोट द्यावं तेल, नको घाई, नको बळ.*

"ऐक बाई, गोडं तेल. ठसका लागू देऊ नको. तोंडात कडुलिंबाची काडी आडवी धर, जिभंनं चघळू दे. डावी कूस खालनं वर चोळ. घाबरू नको, म्या हाय फोनवर."

आजूबाजूची गिऱ्हाइके गप्प झाली. बाजारातला तेवढा एक कोपरा फोनला कान लावून उभा राहिला. एक म्हातारी म्हणाली, "पाय उंचावर धरलं का म्हणावं?" दुसरा म्हणाला, "गप की, आजी." बराच वेळ नुसता नागम्माचा श्वास ऐकू येत होता. मग फोनमधून लांबलचक ढेकर आला.

"चंद्रीचा," नागम्मा म्हणाली.

बाजारात हशा उसळला. कुणी तरी तात्यांच्या पाठीवर थाप मारली. तात्या मात्र हसले नाहीत, कारण नागम्मा पुढे बोलली नव्हती.

"आन् दुसरी, बाई?"

"बिजली गेली, तात्या. तुमी फोनवर यायच्या अदुगर पडली होती, परत उठली न्हाय." मग तिने विचारले, अगदी शांतपणे, "पुस्तक माझं. पैसे म्या दिले. मग कुलूप कुणाचं हाय?"

डॉक्टर संध्याकाळी पोहोचले, त्यांनी चंद्रीला औषध दिले आणि ती सावरली.

दुसऱ्या दिवशी तात्या छापखान्यात आले. घरच्या खुंटीवरचे एक जुने दावे त्यांनी बरोबर आणले होते. ते त्यांनी माझ्या संगणकापुढे ठेवले.

"ह्याच्या टोकाला काय हाय, सांग."

"काही नाही, तात्या."

"तेच म्हणतोय. आपुन ठिवतो ते रिकामं दावं. शेळी जाती ती मोकळ्या मानंनं जाती. तुझ्या कुलपाचं टोक त्या बाईच्या पुस्तकाच्या गळ्यात हाय. म्या त्या दिशी दोन्ही एकच समजलो."

राजेश्वरी दावे उचलून चाचपू लागली. मग म्हणाली, "आणि तो अंगठा विसरलात? कुलूप काढलं तर एक जण घेईल आणि सगळा ग्रुप वाचील. तुमचं दुसरं पुस्तक मी कशावर काढू? लग्नपत्रिकांवर?"

तिचे म्हणणे खोटे नव्हते. तात्यांनाही ते कळत होते. ते उठले, दारापर्यंत गेले, परत आले.

"बाई, चोराच्या भ्यानं आपुन घेणाऱ्यालाच बांधून ठिवलं. चोर तर मोकळाच फिरतोय, अंगठ्यासकट."

आता राजेश्वरीला हसू आले. आणि हसता हसता तिची नजर टेबलावरच्या पत्रिकांच्या गठ्ठ्यावर गेली. प्रत्येक पाकिटावर पाहुण्याचे नाव.

"तात्या, माणूस आपल्या नावाची पत्रिका कधी रस्त्यावर टाकतो का?"

"न्हाय. लगीन होऊन लेकरं झाली तरी फळीवर असती."

"मग प्रत्येक पुस्तकावर घेणाऱ्याचं नाव घालूया. पहिल्या पानावर, नाव आणि गाव. कुलूप नाही."

मोठ्या दुकानात एकदा लावलेले कुलूप काढता येईना. मला तिथून पार काढून घ्यावे लागले आणि बिनकुलपाचा करून पुन्हा ठेवावे लागले. त्यात माझे सगळे तारे गेले, तो दुवासुद्धा. नव्या यादीत मी पुन्हा अगदी तळाला. राजेश्वरीने बटण दाबण्याआधी क्षणभर हात थांबवला होता, ते मी पाहिले. मग दाबले.

आता मी दोन वाटांनी जातो. एक वाट त्या दुकानाची, एकशे एकाची; तिथे नाव घालता येत नाही, पण कुलूपही नाही. दुसरी वाट थेट छापखान्याची. फोन करायचा, पैसे धाडायचे आणि आपल्या नावाचे पुस्तक घ्यायचे. ह्या दुसऱ्या वाटेवर तात्यांनी आपले उपरणे परत आणले आहे. भाव फोनवर, ज्याचा त्याला.

"शेळ्या किती हायत?" ते आधी विचारतात. थोड्या असल्या तर एक्कावन्न, बऱ्याच असल्या तर एकशे एक, मोठा गोठा असला तर अडीचशेवर एक. आता गंमत बघा. गरीब शेळीवाला नजर लागेल म्हणून खरा आकडा सांगत नाही, आणि मोठा गोठेवाला मिजाशीत चार वाढवूनच सांगतो. राजेश्वरी म्हणते, "तात्या, दोघंही खोटं बोलतात." तात्या म्हणतात, "बोलू दे. भाव बरोबर पडतोय."

मी ग्रुपवर गेलोच नाही असे नाही. एकदा गेलो. पण पहिल्या पानावर 'रणधीर, वाशी' असे नाव होते आणि सगळा ग्रुप त्याला विचारू लागला, "काय रणधीर, पुस्तक वाटाय काढलं का?" त्याने संध्याकाळी छापखान्यात फोन करून आणखी तीन प्रती विकत घेतल्या, तिघा मेहुण्यांच्या नावाने. राजेश्वरीने तात्यांच्या दुसऱ्या पुस्तकाची अक्षरे जुळवायला घेतली आहेत. ते निघेल की नाही, मी आत्ताच सांगत नाही. पण मटक्यातल्या पाण्याचा हबका मारल्याचा आवाज मला पुन्हा ऐकू येतो.

बिनकुलपाची पहिली प्रत नागम्माची. राजेश्वरीने फोन केला. "मावशी, पैसे नकोत. तुम्ही ते एकदा घेतलंय."

"पैसे देतंय कोण? माझंच हाय ते," नागम्मा म्हणाली. "नाव तेवढं नीट घाला. आन् नंबर माझा. शंभुलिंगाचा नको."

मी तिच्या फोनात उतरलो. पहिल्या पानावर माझ्या धनिणीचे नाव आहे. दुपारी बाभळीखाली ती मला वाचते. चंद्री रवंथ करते. फोन चाटायला मात्र कुणी येत नाही.

मित्रांनो, मी फोनमधले पुस्तक, मला भूक नाही, तहान नाही, मला जपायला फडके नको की कपाट नको. मला एवढेच जपणे पुरे की माझी किल्ली तुमच्या स्वतःच्या हातात असावी. खाते आपल्या नावाने काढा, नंबर आपला घाला. घरातल्या आई-मावशीचे काढून देत असाल तर तिचाच घाला आणि तिला ते उघडायला शिकवा. मला विकत घ्या, कारण मला घडवताना कुणाचे तरी डोळे चुरचुरलेले असतात. आणि तुमच्यातला कुणी उद्या पुस्तके विकायला बसला, तर घेणाऱ्याला मोकळ्या मानेने जाऊ द्या.

महिन्याभराने उमरग्याच्या एसटीतून छापखान्यात एक पुडके आले. आत अंबाडीचे छोटेसे दावे होते, तरण्या पाठीच्या गळ्यात बसेल एवढे. वापरून मऊ झालेले. सोबत चिठ्ठी नव्हती. राजेश्वरीने नागम्माला फोन लावला.

"बिजलीचं हाय ते," नागम्मा म्हणाली. "तुमच्यापाशी ठेवा, अक्का. रिकामंच ठेवा."

ते माझ्या संगणकाच्या वर, भिंतीवरच्या खुंटीला आहे. नवे पुस्तक विकायला काढताना दुकान कुलपाचे विचारते, तेव्हा राजेश्वरी आधी वर बघते, आणि मग 'नको' दाबते.